हाताने लिहिलेला पत्ता

सरांनी मला पहिल्या दिवशी नाव विचारलं नाही. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी लॅब असिस्टंट म्हणून रुजू झाले, तेव्हा तिथलं नेटवर्कचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. हजेरीवर सही करून मी त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी मान वर न करता विचारलं, कुठलं मशीन दिलंय? मी म्हटलं, लॅब दोनमधलं, दारालगतचं. त्यांनी डोळे मिटले, ओठ जरा हलवले आणि म्हणाले, "म्हणजे सी-चार."

त्यानंतर वर्षभर मी त्या इमारतीत सी-चारच होते. जेवणाच्या सुट्टीत कॉरिडॉरच्या टोकावरून हाक यायची, सी-चार, जरा इकडे ये. विद्यार्थी हसायचे. सर हसायचे नाहीत, कारण त्यांच्या दृष्टीने त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या नेटवर्क कार्डाला कारखान्यातच एक नंबर मिळतो. सहा जोड्यांचा, त्यात आकडे असतात आणि ए ते एफ ही अक्षरं. माझ्या मशीनच्या नंबरातली शेवटची जोडी सी-चार होती, एवढंच. कॉलेजात तीनशेच्या आसपास मशीनं होती आणि ते सगळे नंबर सरांना तोंडपाठ होते. माणसांची नावं मात्र राहत नसत. प्राचार्यांना ते समोर 'साहेब' म्हणत आणि माघारी 'शून्य-नऊ'.

ते पंचवटीत राहायचे, भाजीबाजाराच्या मागच्या एका बोळात, जिथे दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. सकाळी अंघोळ करून ते ओट्यावर बसत आणि डोळे मिटून नंबर म्हणत. शेजारी एक गुरुजी राहत होते. गोदाकाठी त्यांचे पूजाविधी चालायचे. बरेच महिने ऐकून एकदा त्यांनी विचारलं की हे कुठलं स्तोत्र, कानावर कधी आलं नाही. सर म्हणाले, हे लॅब दोनचं. तीन नंबरची लॅब अजून नीट बसलेली नाही. गुरुजींनी मान डोलावली आणि नीट बसवायची तर रोज अकरा वेळा म्हणा, असा सल्ला दिला. सरांनी तो पाळला. ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली, अगदी गंभीरपणे, आणि गुरुजींबद्दल त्यांना शेवटपर्यंत आदर होता.

वय विचारलं तर पस्तीस सांगायचे. डोक्यावर एक काळा केस नाही आणि वय पस्तीस. नवीन लोकांना वाटायचं की माणूस आजारातून उठलेला दिसतो. ते सोळाच्या पटीत मोजायचे, हे कळायला मला सहा महिने लागले. तीन वेळा सोळा आणि वर पाच, म्हणजे त्रेपन्न. निवृत्तीच्या समारंभात त्यांनी भाषण केलं ते एका वाक्याचं, की मी तीन-ए वयात निवृत्त होतोय, आणि खाली बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्या मोजणीत ए म्हणजे दहा, म्हणून तीन-ए म्हणजे अठ्ठावन्न, पण कुणाला काही कळलं नव्हतं.

चहा घेत नसत. स्टीलच्या बाटलीत कोमट पाणी असायचं. बुशशर्टच्या खिशात कागदाचे बारीक तुकडे, प्रत्येकावर एखादा नंबर. आणि त्यांचं अक्षर फार सुंदर होतं. कॉलेजातल्या प्रत्येक मशीनच्या दर्शनी बाजूला त्यांनी स्वतःच्या हाताने त्या मशीनचा पूर्ण नंबर लिहिलेलं पांढरं लेबल चिकटवलं होतं. पाटी असावी तसं. पत्ता बदलतो, ते म्हणायचे, पण कार्डावरची खूण जन्माची असते.

एकदा माझे वडील कॉलेजात आले होते. आमची मखमलाबादकडे फुलशेती आहे, आणि झेंडू उतरवून झाल्यावर बाजारातूनच ते मला डबा द्यायला आले. सरांनी त्यांना बसवून घेतलं आणि विचारलं की बाजारात शेकडो गोण्या असतात, त्यात तुमची कशी ओळखता. वडील म्हणाले, गाठीवरून. प्रत्येकाची तोंड बांधायची गाठ वेगळी. सर खूश झाले. माझ्याकडे वळून म्हणाले, बघ, हार्डवेअर ॲड्रेस.

वडिलांनी जरा विचार केला. "पण सर, गाठ कुणीबी मारू शकतो," ते म्हणाले. "माझ्यासारखी गाठ शिकून एकानं माझ्याच नावावर सडका माल खपवला होता. आडत्याची बोलणी मला खावी लागली."

सर हसले आणि तुमचा झेंडू यंदा चांगला आहे असं काहीतरी बोलून विषय तिथेच सोडला. मीही सोडला.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. एका दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी सगळ्या प्राध्यापकांसाठी आणि कर्मचाऱ्यांसाठी नेटवर्कवर दिवसभराचं व्याख्यान ठेवलं. चहाच्या आधी त्यांनी सांगितलं की इंटरनेटच्या नव्या पद्धतीच्या पत्त्याचे दोन भाग असतात. पहिला अर्धा नेटवर्कचा, म्हणजे गल्लीचा. दुसरा अर्धा त्या गल्लीतल्या एका मशीनचा. हा दुसरा भाग मशीन आपल्या कार्डाच्या नंबरावरून स्वतःच तयार करू शकतं. फक्त कार्डावर जोड्या सहा आणि पत्त्याला हव्यात आठ. म्हणून नंबर मधोमध तोडायचा आणि तिथे एफ-एफ आणि एफ-ई अशा दोन जोड्या घालायच्या. लोकांनी वह्यांत लिहून घेतलं.

मग चहा झाला. चहानंतर दहा-बारा खुर्च्या रिकाम्या. सरांना त्याचं काही वाटलं नाही, ते उरलेल्यांना पुढचं सांगू लागले. आणखी एक गोष्ट राहते, ते म्हणाले. पहिल्या जोडीतला एक बिट उलटा करायचा, म्हणजे शून्य असेल तिथे एक, एक असेल तिथे शून्य. कार्डावर सुरुवात पाच-चारने होत असेल, तर पत्त्यात पाच-सहा येतं. त्या एका बिटावरून कळतं की हा आकडा कारखान्यातून आलेल्या नंबरावरून झाला आहे की कुणी हाताने दिला आहे. पत्त्यात तो एक असला तर कारखान्याचा, शून्य असला तर हातचा. मशीन हा बदल कधी विसरत नाही.

हजेरी त्यांनी दोनदा घेतली होती. एकदा सकाळी, एकदा चहानंतर. वही त्यांच्या कपाटात गेली.

खरं तर हल्लीची मशीनं कार्डाचा नंबर पत्त्यात वापरतच नाहीत. मनाने कुठलाही आकडा घेतात आणि तोही बदलत राहतात, म्हणजे बाहेरच्याला मशीन ओळखता येऊ नये. सरांना हे पटत नव्हतं. तोंडाला फडकं बांधून फिरणाऱ्यांची वस्ती होईल, असं म्हणायचे. सुट्टीत एकेका मशीनपाशी बसून त्यांनी ती सोय बंद केली होती. त्यामुळे स्वतःच्या खोलीत बसून, स्क्रीनवरच्या पत्त्यांकडे पाहत, कोण कुठे आहे आणि काय करतंय ते त्यांना दिसायचं. कुणाला विचारायला त्यांना उठावंच लागत नसे.

परीक्षा विभागात खिडकीजवळ हिरा बसायची. हरसूलची. डोंगरातलं गाव, घरी नागलीची, म्हणजे नाचणीची, आणि भाताची शेती, आणि त्यांच्या वस्तीतून शहरात ऑफिसची नोकरी मिळालेली ती पहिलीच मुलगी. कंत्राटावर डेटा एंट्रीचं काम करायची. आठवडाभर पंचवटीत दोघी मैत्रिणींबरोबर खोलीत राहायची आणि शुक्रवारी पाचला बरोबर उठून हरसूलची एसटी धरायची. बोलायची कमी, चुकायची त्याहून कमी. सरांसाठी ती ई-सात होती.

एका सोमवारी मी कामावर आले तर खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. शनिवारी बरंच काही घडलं होतं. चार विद्यार्थ्यांचे अंतर्गत गुण कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी सर्व्हरवर वाढवले होते. विषय शिकवणाऱ्या एका बाईंनी स्वतःच्या कागदावरचे गुण ताडून पाहिले म्हणून ते उघडकीला आलं. सर्व्हरमध्ये कोणत्या पत्त्यावरून बदल झाला त्याची नोंद होती. सर सुट्टीवर होते, म्हणून सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस बोलावला. त्याने पत्त्याच्या मधले एफ-एफ आणि एफ-ई काढले, उरलेल्या सहा जोड्या कागदावर लिहिल्या आणि सरांना फोन लावला.

सर तेव्हा विंचूरला बहिणीच्या घरी होते. खळ्यावर कांदा निवडणं चालू होतं, आठ-दहा माणसं आजूबाजूला. फोनवर त्या माणसाने नंबर वाचायला सुरुवात केली आणि तो पूर्ण व्हायच्या आत सरांनी सांगितलं, परीक्षा विभाग, खिडकीजवळचं मशीन, हिरा नावाची मुलगी बसते. फोन ठेवून ते बहिणीला म्हणाले की बघ, चार वर्षांपूर्वीचं कार्ड, तोंडपाठ. कशासाठी विचारलं ते त्यांनी विचारलंच नाही. हे सगळं त्यांनी मला नंतर सांगितलं, एकही शब्द न गाळता.

हिराला शनिवारीच फोन गेला. चौकशी होईपर्यंत येऊ नकोस.

सोमवारी सर आले ते नेहमीसारखे. मी त्यांना झालेलं सांगितलं, तेव्हा म्हणाले, हो, मला फोन आला होता. त्यात थोडा अभिमान होता, आता आठवलं की मला अजून कसंतरी होतं. मी म्हटलं, सर, हिरा असं करणार नाही. ते म्हणाले, माणूस काय करेल ते मी सांगू शकत नाही, कार्ड खोटं बोलत नाही. मी नोंदीची झेरॉक्स त्यांच्या हातात दिली. पूर्ण पत्ता तोवर त्यांनी पाहिलेलाच नव्हता; फोनवर ऐकलेला नंबर बिट परत फिरवून काढलेला कार्डाचाच, असं त्यांनी धरलं होतं.

त्यांनी तो उभ्यानेच वाचला. मग पुन्हा वाचला. बाटली टेबलावर ठेवली आणि पहिल्या जोडीवर बोट ठेवलं.

"पाच-चार," ते म्हणाले.

"बरोबर आहे ना सर? तिचं कार्ड पाच-चारनेच सुरू होतं. लेबलवर लिहिलंय तुम्ही."

"कार्ड पाच-चार आहे. पत्ता पाच-सहा हवा."

मला कळायला क्षणभर लागला. मी चहानंतर बसलेल्यांपैकी होते, तरी लागला. ते मशीन स्वतः नेटवर्कवर आलं असतं तर त्याने तो बिट उलटा केला असता. इथे कुणीतरी दुसऱ्याच मशीनवर बसून, लेबलवरचा नंबर उतरवून घेऊन, मध्ये एफ-एफ एफ-ई घालून हिराचा पत्ता हाताने तयार केला होता. आणि शेवटची एक गोष्ट त्याला माहीत नव्हती.

सरांनी झेरॉक्सची घडी करून ती खिशात घातली. मग म्हणाले, "तुझ्या वडिलांनी सांगितलं होतं. गाठ कुणीही मारू शकतो."

त्या दिवशी त्यांनी जेवण केलं नाही. हिराच्या मशीनच्या वर्षभराच्या नोंदी काढल्या, छापल्या आणि एकेका ओळीखाली पट्टीने रेघ मारली. वर्षभर, कामाच्या प्रत्येक दिवशी, ती पाच-सहावरून आली होती. त्या शुक्रवारी तिची पाच-सहाची शेवटची नोंद संध्याकाळचे पाच वाजायच्या आतली होती, मग मशीन बंद. पाच-चारची नोंद अख्ख्या वर्षात एकच, त्याच संध्याकाळची.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये बैठक झाली. मी कागद धरायला गेले होते. सरांनी सगळं समजावून सांगितलं, आणि त्यांना जमलं तितकं सोपं करून सांगितलं, म्हणजे फार सोपं नाही. प्राचार्य हुशार होते. त्यांनी विचारलं की हे तिनेच हाताने लिहिलं नसेल कशावरून. सर म्हणाले, चोरी लपवायला माणूस दुसऱ्याचा पत्ता लिहितो. स्वतःचाच, तोही चुकीचा, कशाला लिहील? मग कागदावर त्या जोडीभोवती बोट फिरवून म्हणाले, "आणि हा पत्ता तोंडाने सांगतोय साहेब, मी हातचा आहे. तो बिट त्याच्यासाठीच ठेवलेला असतो."

कुणी केलं, या प्रश्नावर मात्र सर अडले. बैठकीला आलेल्या परीक्षा नियंत्रकांना ते दिवाळीआधीचं व्याख्यान आठवत होतं. ज्याला पहिला अर्धा माहीत आहे आणि दुसरा नाही, असा माणूस म्हणजे चहानंतर उठून गेलेला, हे त्यांनी पटकन ताडलं आणि हजेरीची वही मागितली. सर नाही म्हणाले.

"त्या दोन पानांत अकरा नावांचा फरक आहे," ते म्हणाले. "एकाने केलं असेल, दहांनी नाही. त्यातल्या कुणीच केलं नसेल असंही होईल. न बघता एक नाव मी परवाच सांगून बसलोय. कोणी केलं ते मला ठाऊक नाही. कोणी नाही केलं ते ठाऊक आहे, तेवढं लिहून घ्या."

प्राचार्य चिडले. वही कॉलेजची आहे म्हणाले. सर म्हणाले, मग माझ्यावर कारवाई करा. कारवाई झाली नाही. गुण कागदांवरून पूर्ववत केले, हिराला परत बोलावल्याचं पत्र गेलं, आणि पुढच्या सत्रात एक प्राध्यापक नोकरी सोडून गेले. लोकांनी त्यावरून बरंच काही जोडलं. सर म्हणायचे, जोडलेलं आहे, दिसलेलं नाही. मला त्या वेळी त्यांचा राग आला होता. खरं सांगायचं तर ती वही द्यायला हवी होती की नको, हे मला आजही नक्की ठरवता येत नाही.

पत्र जाऊन आठवडा झाला तरी हिरा आली नाही. फोन लागेना. सर माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले की हरसूलला जायचंय, तू येशील का, मला तिच्याशी बोलता येईल असं वाटत नाही.

बाजाराचा दिवस होता. त्र्यंबकहून आम्ही जीपने गेलो, मागे तिघीजणी कोंबड्यांच्या पाट्या मांडीवर घेऊन बसलेल्या. सर सगळ्या वाटेत एकदाच बोलले. म्हणाले, चार वर्षं ती त्या खिडकीत बसली आणि मला तिचं आडनाव माहीत नाही. हरसूलला उतरून आम्ही विचारलं, तर पहिल्याच माणसाने हात करून दाखवलं. नाशिकच्या कॉलेजातली हिरा सगळ्यांना ठाऊक होती. आता कशासाठी ठाऊक होती, तेही त्याच्या बघण्यावरून कळलं.

ती वडिलांबरोबर नागली आणि वालाच्या शेंगा घेऊन बसली होती. आम्हाला पाहून उठली, नमस्कार केला आणि हात मागे बांधून उभी राहिली. मी पत्राचं विचारलं. मिळालं म्हणाली. सर काही बोलेनात, म्हणून मीच सांगू लागले, बिट काय, पत्ता काय. तिने ऐकून घेतलं. मग माझ्याकडे न बघता सरांकडे बघून बोलली.

"फोनवर माझं नाव तुम्हीच सांगितलं ना सर?"

"हो."

"चार वर्षांत तुम्ही माझं नाव कधी घेतलं नाय. ई-सात म्हणायचे. मला वाटायचं, तुम्हाला माहीतच नाय." ती थांबली. "पहिल्यांदा घेतलं ते असं."

सरांनी मान खाली घातली. मी त्यांना अनेकदा गप्प पाहिलं होतं, पण ते गप्प बसणं नंबर आठवत असल्याचं असायचं. या वेळी ओठ हलत नव्हते.

हिराचे वडील इतका वेळ शेंगा निवडत होते. उंच, वाळलेले, डोक्याला टॉवेल. ते म्हणाले, "चिठ्ठी आली ती घरात आली सर. बोलणं झालं ते बाजारात झालं. पोरीनं पैसे घेऊन मार्क वाढवले, असं इथं लोक बोलत्यात. तुमची चिठ्ठी कोण वाचणार हाय?"

सर म्हणाले, "मी सांगतो."

हा माणूस चार लोकांसमोर फळ्याशिवाय बोलू शकत नसे. निवृत्तीचं भाषण मी सांगितलंच आहे. हिराच्या वडिलांनी दुकान शेजारणीवर सोपवलं आणि ते सरांना घेऊन निघाले. पहिल्यांदा चहाच्या टपरीवर. सरांनी हात जोडले आणि बोलायला लागले, आणि मला वाटलं आता एफ-एफ एफ-ई येणार. आलं नाही.

"मी नाशिकला कॉलेजात कॉम्प्युटरचं काम बघतो," ते म्हणाले. "मार्क हिराने बदलले नाहीत. मला फोन आला आणि मी न बघता तिचं नाव सांगितलं. चूक माझी आहे, तिची नाही."

टपरीवाल्याने नुसतं बरं म्हटलं. एकाने विचारलं की मग केलं कोणी. सर म्हणाले, ते मला माहीत नाही. तिथून गिरणी. गिरणीच्या आवाजात काही ऐकू गेलं नाही, म्हणून मालकाने पट्टा थांबवला आणि सरांनी पुन्हा तीच चार वाक्यं म्हटली. मग धान्याची रांग, मग बांगड्यावाली, मग जीपचा थांबा, तिथे आमच्याच कॉलेजात शिकणारा गावातला एक मुलगा उभा होता आणि बहुधा त्याच्याकडूनच गोष्ट गावात आली होती. त्याच्यासमोर सर जास्त वेळ थांबले. सात ठिकाणी त्यांनी तेच सांगितलं, शब्दही न बदलता, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. हिरा मागून चालत होती. शेवटी आम्ही परत तिच्या जागेपाशी आलो तेव्हा तिच्या वडिलांनी पोतं झटकून अंथरलं आणि सरांना बसायला सांगितलं. पाणी आणायला हिराच गेली.

निघताना ती मला म्हणाली, सोमवारी येते. सरांना काही म्हणाली नाही.

आम्ही परतलो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सर लेबलं काढायला लागले. त्यांची स्वतःची, सुंदर अक्षरातली. काही निघेनात म्हणून थिनरचं फडकं घेऊन खरवडायचे. मी मदत करते म्हटलं तर नको म्हणाले, मी लावली होती. ते झाल्यावर प्रत्येक मशीनपाशी पुन्हा बसले आणि इतकी वर्षं बंद ठेवलेली सोय सुरू केली. आता प्रत्येक मशीन मनाने आकडा घेणार, काही काळाने तो टाकून दुसरा घेणार, आणि पत्त्यावरून कार्ड कुणाचं ते बाहेरच्या कुणालाच कळणार नाही. सरांनाही नाही. तीनशे नंबर त्यांना अजून पाठ होते, पण स्क्रीनवर त्यांतला एकही दिसत नव्हता. मी विचारलं, त्रास होतोय का. ते म्हणाले, सवय मोडतेय, त्रास त्याचा आहे.

माझं नाव त्यांनी त्याच आठवड्यात विचारलं. मी सांगितलं. खिशातल्या चिठोऱ्यावर त्यांनी ते लिहून घेतलं.

मग काही दिवसांनी एका दुपारी नेटवर्क एकदम मंदावलं. कुठलंतरी मशीन सगळी लाइन खात होतं. मी सरांच्या खोलीत गेले तेव्हा ते स्क्रीनकडे पाहत होते, एका लांबलचक अनोळखी पत्त्याकडे. मी विचारलं, कुणाचं आहे? ते म्हणाले, माहीत नाही. हे शब्द त्या खोलीत मी पहिल्यांदाच ऐकले. मला वाटलं आता ते सगळ्या तारा एकत्र येतात त्या नेटवर्कच्या स्विचवर जाऊन शोधतील, ते त्यांना पाच मिनिटांचं काम होतं. पण त्यांनी चष्मा पुसला, उठले आणि बाहेर पडले. मी मागोमाग गेले.

लॅबमध्ये विचारलं, ग्रंथालयात विचारलं. मग परीक्षा विभागाच्या दारात आले. दार उघडंच होतं, तरी त्यांनी चौकटीवर बोटाने टकटक केली.

"हिराताई, तुमच्याकडे काही मोठं डाउनलोड चाललंय का?"

हिराने वळून पाहिलं. "नाय सर. माझ्याकडं नाय."

तिचा स्क्रीन दारातून दिसत होता. सरांनी तिकडे पाहिलं नाही. बरं म्हणाले, आणि पुढच्या खोलीकडे निघाले.